हॉर्न न वाजवणारा मामा

खिडकी मी चिकटवली होती, आणि इतकी मन लावून चिकटवली होती की नंतर ती उघडायला दोन माणसं आणि एक छिन्नी लागली.

मामाच्या घराची पुढची खोली थेट हमरस्त्यावर येते. दुसरा मजला. खाली बसथांबा, थांब्याला लागून सिग्नल आणि सिग्नलपलीकडे उड्डाणपुलाचं तोंड. म्हणजे गाड्या आधी इथे थांबतात, थांबल्या की कुरकुरतात, दिवा हिरवा झाला की सगळ्या एकदम ओरडत सुटतात आणि पुलाच्या चढाला लागल्या की उरलासुरला दम काढतात. हे सगळं खिडकीतून आत येतं आणि आवडत्या पाहुण्यासारखं सोफ्यावर ऐसपैस बसतं. त्या पाहुण्याला हाकलायचं मी मनावर घेतलं. हार्डवेअरच्या दुकानातून काचा चिकटवायच्या सिलिकॉनच्या नळ्या आणल्या. दुकानदाराने विचारलं, "पुन्हा काढायचंय की कायमचं?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "कायमचं!"

मामी बाजारात गेली होती. मी सरकत्या खिडकीची दोन्ही तावदानं लावून घेतली आणि खाली, वर, मधे, जिथे म्हणून फट दिसली तिथे सिलिकॉन भरलं. उरलेल्या उत्साहात भिंतीवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठोकले, कारण मोबाईलवरच्या व्हिडिओत एक दाढीवाला मोठ्या विश्वासाने तेच करत होता. मामी परत आली, पिशव्या खाली ठेवल्या, भिंतीकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "कोंबड्या कधी येणार?"

खिडकीचं तिच्या लक्षात आलं नाही. मीही सांगितलं नाही. आवाज खरंच कमी झाला होता आणि मी स्वतःवर खूश होतो.

आता या खिडकीचं काम काय होतं, ते सांगतो. मामा शहराच्या बसवर ड्रायव्हर आहे, आणि त्याच्या बसचा मार्ग घराखालूनच जायचा. दुपारच्या फेरीला बस थांब्याला लागली की मामा एक हॉर्न द्यायचा. एकच, तोही कुणी संकोचून कडी वाजवावी तसा. मामी खिडकी सरकवून दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली सोडायची, बसच्या दारात उभी असलेली कंडक्टर ताई ती झेलायची, गाठ सोडायची, आणि दिवा हिरवा व्हायच्या आत डबा बसमध्ये आणि दोरी वर. शेवटच्या थांब्यावर मामा गरम गरम जेवायचा. सबंध डेपोत गरम जेवणारा ड्रायव्हर हा एकटाच, आणि त्याचा त्याला साहेब असल्यासारखा तोरा होता.

खिडकी चिकटवल्याच्या दुसऱ्या दिवशी हॉर्न नेहमीसारखा वाजला, पण आत आला नाही. मामी स्वयंपाकघरात डबा भरून त्याची वाट बघत उभी. मी पुढच्या खोलीत, पण माझ्या कानांवर हेडफोन. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या कंपनीसाठी मी फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेतो, आणि आठवड्यातले काही दिवस हे पुण्यकर्म घरूनच करतो. खाली मामाने पुन्हा हॉर्न दिला. मग जरा लांब दिला. दिवा हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. मामाच्या मागच्या गाड्यांनी मामाला हॉर्न दिला. मामाने वर बघत आणखी दिला.

शेवटी मामीने घड्याळाकडे बघितलं आणि डबा घेऊन खिडकीशी आली. खाली बस, बसमागे पार चौकापर्यंत रांग, आणि दारात दोन्ही हात हलवणारी ताई. मामीने खिडकी ओढली. हलेना. भिंतीला पाय लावून ओढली.

"अरे, ही खिडकी का उघडत नाहीये?"

मी बोट वर करून तिला थांब म्हणून खुणावलं आणि फोनवरच्या बाईंना म्हणालो, "मॅडम, तुमची गैरसोय मी समजू शकतो."

मामी काचेवर थापा मारायला लागली. खालच्या लोकांना वाटलं, बाई कोंडली गेली आहे. एक भला माणूस रस्त्यातच स्कूटर टाकून जिने चढून वर आला आणि दार बडवायला लागला, "घाबरू नका ताई, मी आलोय!" मी दार उघडलं. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग अंड्यांच्या ट्रेंकडे, मग डबा कवटाळून उभ्या असलेल्या मामीकडे. त्याला काय समजलं ते त्यालाच ठाऊक. बस तोवर निघून गेली होती.

या फजितीत खरी मेख वेगळीच होती. माझा मामा हॉर्न वाजवत नाही. म्हणजे हा दुपारचा एक सोडला तर नाहीच. "गाडी हाताने चालवायची असते, ओरडून नव्हे," असं तो नव्या पोरांना सांगतो. पुढे म्हातारी रस्ता ओलांडत असली तर ती पलीकडे पोचून चष्मा पुसेपर्यंत हा थांबणार. डेपोत त्याला 'मुका' म्हणतात. मुक्याची गाडी, मुक्याची फेरी. त्यालाही ते नाव आवडतं, फक्त तसं दाखवत नाही.

घरातही त्याचं ड्रायव्हिंग सुटलेलं नाही. सोफ्यावर बसून टीव्हीवर मारामारी बघताना उजवा पाय ब्रेक दाबतो. स्वयंपाकघराच्या दारात दोघं उभी राहिली की "दारात गर्दी नको, पुढे सरका." मामी चिडून बोलायला लागली की "हळू घे गं, पुढे वळण आहे." आणि मी सकाळी उशिरा उठलो की "काय, आज ही गाडी डेपोतून निघणार का?"

स्वतः हॉर्न न वाजवणाऱ्या या माणसाचे कान दुसऱ्यांच्या हॉर्नांनी खाल्ले. ड्रायव्हरच्या खिडकीकडचा कान जास्त. वर्षाच्या तपासणीत कानाच्या डॉक्टर बाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, "या कानाचा थोडा भाग गेलाय, तो काही परत येणार नाही. पण थोडा नुसता दमलाय. त्याला विश्रांती मिळाली तर तुमचं भागेल. पुढच्या महिन्यात परत तपासू. तेव्हाही असंच निघालं, तर मला 'गाडीवर नको' असं लिहावं लागेल."

गाडीवर नको म्हणजे डेपोत किल्ल्या वाटायच्या. मामाने घरी येऊन हे शेजाऱ्याची बातमी सांगावी तसं सांगितलं. वर हसून म्हणाला, "बरंच की. किल्ली आपण द्यायची आणि गाडी दुसऱ्याने न्यायची. अंगाला धूळ नाही." मग उठून हात धुतले. जेवण झालेलं नव्हतं, तरी धुतले. मामीने ताट झाकून ठेवलं आणि तीही जेवली नाही.

विश्रांती द्यायची तर घरी, आणि घरात तर बसपेक्षा जास्त गोंगाट. अशा वेळी मामाकडे फुकट राहणारा भाचा काहीतरी करून दाखवायला टपलेलाच असतो. तालुक्याच्या शाळेत विज्ञानाच्या सरांनी "हा मुलगा पुढे काहीतरी करेल" म्हटलं होतं. काय करेल ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

खिडकी उघडली नाही त्या दिवशी बसमधल्या एका प्रवाशाने तक्रार केली की ड्रायव्हर थांब्यावर विनाकारण सारखा हॉर्न वाजवत होता. मामाला डेपोतून लेखी ताकीद मिळाली. आयुष्यातली पहिली, आणि तीही हॉर्नबद्दल! "मुका बोलला रे!" म्हणून सगळा डेपो लोटला. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मामा खरोखरच मुका झाला. डब्याचं सांगावं तर डबा बंद होणार, आणि खिडकीचं सांगावं तर भाच्याचं नाव येणार. मग कंडक्टर ताई आत गेली आणि काहीतरी बोलून आली. ताकीद कागदावर राहिली, पण पुढे कारवाई झाली नाही.

संध्याकाळी ताई मामाबरोबर घरीच आली. ही ताई म्हणजे गर्दीच्या बसमध्ये नुसत्या आवाजाने माणसं मागे सरकवणारी बाई. दारातूनच म्हणाली, "कुठाय तो इंजिनिअर?"

मी इंजिनिअर नाही हे सांगायची ती वेळ नव्हती.

तिने खिडकी ओढून बघितली, ट्रेवर टिचकी मारली. "उस्ताद, तुमचा भाचा हुशार आहे हो. चोर काय, वारासुद्धा आत येणार नाही."

"ताई, साहेबांना काय सांगितलं तुम्ही?" मी विचारलं.

"म्हटलं, वरच्या बाजूला अडथळा होता. खोटं नाही बोलले मी. अडथळा म्हणजे तू."

मामी म्हणाली, "आणि हे उपाशी राहिले ना दुपारी?"

"राहतायत कसले! माझ्या डब्यातला अर्धा खाल्ला. अर्धा म्हणजे त्यांच्या मते अर्धा. मी फेरीभर कोमट पाणी पीत बसले." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तर भाचेबुवा, एक डबा झाला तुझ्याकडे. आणि साहेबांपुढे तुझी अब्रू झाकली त्याबद्दल तो तू स्वतःच्या हाताने करायचा. मामीने केलेला चालणार नाही. मला चव कळते."

"ताई, मला कुकरसुद्धा..."

"शिक. खिडक्या चिकटवायला शिकलास ना मोबाईलवरून?"

मामा हे सगळं सोफ्यावरून बघत होता. रागावेल, निदान ट्रे तरी उपटून फेकेल, असं मला वाटत होतं. तो शेवटी इतकंच म्हणाला, "काल रात्री झोप बरी लागली होती. पोराचा विचार चुकीचा नाही. वळण चुकलं."

हे ऐकून मला ताकीद मिळण्यापेक्षा जास्त कसंतरी झालं.

मग खऱ्या काचवाल्याला बोलावलं. तो तोंडात पेन्सिल धरून बोलायचा, त्यामुळे त्याची अर्धी वाक्यं पेन्सिलीलाच कळायची. त्याने आणि मामाने मिळून छिन्नीने माझं काम उखडलं. "एवढं सिलिकॉन तर आम्ही माशांच्या टाकीलापण घालत नाही," काचवाला म्हणाला. ट्रे काढल्यावर भिंतीवर खिळ्यांची भोकं राहिली. अजूनही कुणी आलं की मामी त्या भोकांवर कॅलेंडर सरकवते.

काचवाल्याचं म्हणणं असं, की जुनी खिडकी राहू दे, तिच्या आतून वीतभर अंतर सोडून जाड काचेची दुसरी खिडकी बसवू. मधली हवा आवाज अडवेल. कडांना रबर, दाराखाली रबराची पट्टी, आणि कपड्यांचं जड कपाट रस्त्याकडच्या भिंतीला लावा. "आतली काच मात्र पक्की बसवतो. उघडायची भानगडच नको."

"उघडली पाहिजे," मामी म्हणाली.

"वहिनी, उघडणारी म्हटली की फट आली, फट आली की आवाज आला."

"येऊ दे. मला डबा सोडायचाय."

मामा म्हणाला, "अगं, सकाळी डबा बरोबर देत जा. सगळे नेतात."

"सगळे थंड खातात," मामी म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की काचवाल्याने पेन्सिल तोंडातून काढली. थोड्या घासाघिशीनंतर ठरलं की काच मोठी आणि पक्की राहील, पण एका कोपऱ्यात हात आणि डबा जाईल एवढी छोटी झडप, तिला चहूबाजूंनी रबर आणि दाबून बसवणारी कडी.

"आणि हॉर्न ऐकू कसा येणार?" मी विचारलं. बऱ्याच दिवसांनी मी एक शहाणा प्रश्न विचारला होता.

"ऐकायचा कशाला?" मामी म्हणाली. "डोळे आहेत ना मला? मागच्या चौकातून गाडी वळताना दिसते. मी बसेन इथे."

असा मामाच्या दिवसातला तो एक हॉर्नही गेला.

नवी काच बसली त्या संध्याकाळी आम्ही तिघं पुढच्या खोलीत गप्प बसलो. रस्ता होता, पण लांब, कुणीतरी शेजारच्या इमारतीत टीव्ही बारीक करून ठेवल्यासारखा. उकडत होतं, ते खरं. काचवाल्याने आवाजाबरोबर वारापण बाहेर ठेवला होता. मामीने पंखा वाढवला, तर पंख्याची कुरकुर ऐकू आली. घरात पंखा कुरकुरतो हे इतकी वर्षं कुणालाच माहीत नव्हतं.

मामा दोन-तीन दिवस बावरल्यासारखा होता. गाडी बंद पडली की काय अशा चेहऱ्याने मधेच उठून खिडकीशी जायचा, खाली वाहतूक चालू आहे हे बघून परत येऊन बसायचा. एकदा मामी आत भाजी चिरत होती आणि तो सोफ्यावर डोळे मिटून पडला होता. एकदम म्हणाला, "हे कोण गातंय?"

"मामी."

"तुझी मामी गाते?"

"गुणगुणते. रोज चिरताना."

तो उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. मामी थांबली. "काय हवंय? दारात गर्दी नको, पुढे सरका."

"तू नेहमीच गुणगुणतेस?"

"लग्न झाल्यापासून. विचारताय आज!" ती लाजली का चिडली ते मला कळलं नाही. मी आपला खिळ्यांची भोकं मोजत बसलो. पुढचे काही दिवस ती गुणगुणलीच नाही. मग विसरली आणि पुन्हा सुरू झाली. मामा तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवायचा आणि पेपर वाचायचं सोंग करायचा. पान मात्र उलटायचा नाही.

पुन्हा तपासणी झाली तेव्हा मी बरोबर गेलो. काचेच्या छोट्या खोलीत मामाला बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि आवाज ऐकू आला की बोट वर करायला सांगितलं. मी बाहेरून बघत होतो. मामाचा उजवा पाय ब्रेकवर होता. चांगल्या कानाची पाळी होती तोवर बोट भराभर वर जात होतं. मग खिडकीकडच्या कानाची पाळी आली. बोट गेलं, पुन्हा गेलं, मग बराच वेळ मांडीवर पडून राहिलं. मामाने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं, आता किल्ल्या. तेवढ्यात बोट उठलं. अर्धवट उठलं, जरा थबकलं, आणि मग नीट, सिग्नलला हात द्यावा तसं सरळ वर गेलं.

"पास झालात," डॉक्टर बाई बाहेर येऊन म्हणाल्या. "जेमतेम, पण झालात. घरी काय केलंत?"

"भाच्याने खिडकी चिकटवली," मामा म्हणाला. पुढचं सांगितलं नाही.

पण बाईंनी एक अट घातली. ही जुनी गाडी नको, इंजिन कानाशी धडधडतं. विजेवरच्या नव्या बसवर घाला. डेपोने ऐकलं आणि मामाला नवी बस दिली. ती बस आवाजच करत नाही. पहिले काही दिवस मामाला गाडी चालू आहे की बंद हेच कळायचं नाही. पण ती धावते नदीपलीकडच्या मार्गावर. घराखालून जात नाही.

जुन्या मार्गाच्या शेवटच्या दिवशी मामी लवकरच खिडकीशी जाऊन बसली. चौकातून गाडी वळली, थांब्याला लागली. हॉर्न नाही, काही नाही. झडप उघडली, पिशवी खाली गेली, ताईने झेलली. मामाने ड्रायव्हरच्या खिडकीतून मान वाकडी करून वर बघितलं. बसचं छत मधे असल्यामुळे त्याला तिथून आमची खिडकी दिसत नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तरी मामीने हात केला. मग दोरी वर ओढली, गुंडाळली आणि खिळ्याला अडकवून ठेवली.

आता मामा सकाळी डबा बरोबर नेतो आणि थंड खातो. "गाडी आहे ना हाताखाली," म्हणतो. मामी म्हणते, "मग काय तर." दुपारच्या वेळी ती खिडकीशी जाते, चौकाकडे बघते, काही काम आठवल्यासारखी परत येते. दोरी अजून खिळ्याला आहे.

ताई मात्र जुन्याच मार्गावर आहे. तिच्या गाडीवरचा नवा ड्रायव्हर थांबा दिसला की हॉर्न, कबुतर दिसलं की हॉर्न. ताई म्हणते, मुक्याबरोबर इतकी वर्षं काढली, आता बडबड्याबरोबर काढते.

परवा मामाला सुट्टी होती. दुपारी मी खिडकीशी उभा असताना ताईची बस थांब्याला लागली. तिने दारातून वर बघितलं, मला हेरलं आणि तोंड उघडून काहीतरी ओरडली. चांगलं मोठ्याने ओरडली असणार, कारण थांब्यावरची माणसं दचकून वळली. इकडे काही म्हणजे काही आलं नाही. मग तिने डाव्या हाताचा डबा केला आणि उजव्याने घास घेऊन दाखवला. मी कानाला हात लावून ऐकू येत नाही अशी खूण केली. खोटं नव्हतं. काचवाल्याने काम चोख केलं आहे.

ताईने बसच्या पत्र्यावर थाप मारली. बस गेली.

"कोण रे?" मामीने मागून विचारलं.

मी शक्य तितक्या हळू पुटपुटलो, "ताई होती. मागत होती तेच. बघू पुढच्या आठवड्यात."

"मागचे दोन महिने पुढचा आठवडाच चाललाय!" आतल्या खोलीतून मामाचा आवाज आला. दार लोटलेलं होतं, आणि तो झोपलाय असं मी धरून चाललो होतो. "कुकर ओट्याखाली आहे. बटाटे टोपलीत आहेत. ऐकतोय मी इथून."

मामाचे कान सुधारल्याचा हा एक तोटा आहे. मी अजून ओट्याखाली वाकलेलो नाही.